पुण्यात वापरलेला एक स्वस्त डीओ मीटर आणि त्याचे कॅलिब्रेशन

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा, म्हणजे आमच्या बोलीत ‘डीओ’ मोजणारा, एक हाती मीटर गेल्या चौदा महिन्यांपासून माझ्या वापरात आहे. पुण्यातील एका लहान पाणी-तपासणी प्रयोगशाळेत मी काम करते. मुळा-मुठा आणि पवनेच्या काठावरचे नमुने, गृहसंकुलांची सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे, उजनीच्या फुगवट्यालगतची मत्स्यतळी आणि वर्षातून काही वेळा पेणकडची कोळंबीची तळी, अशा सगळ्या ठिकाणी हा मीटर माझ्याबरोबर हिंडला आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण हेच यंत्र आपल्याकडे तीन-चार वेगवेगळ्या छापांनी विकले जाते आणि मला जे सांगायचे आहे ते छापाविषयी नसून या जातीच्या यंत्राविषयी आहे.

अठरा हजारांच्या आत मिळालेल्या या संचात मीटर, चार मीटर वायरचा प्रोब (पाण्यात बुडवायची संवेदक कांडी), जादा मेंब्रेनची, म्हणजे प्रोबच्या टोकावरच्या पातळ पापुद्र्याची, दोन टोपणे, इलेक्ट्रोलाइटची (प्रोबमध्ये भरायच्या विद्युतवाहक द्रावणाची) छोटी बाटली आणि बारीक अक्षरांतले एक माहितीपत्रक असते. मोजमापाचा पल्ला ० ते २० मिलिग्रॅम प्रतिलिटर, वाचन ०.१ पर्यंत आणि पत्रकानुसार अचूकता अधिक-उणे ०.४ मिलिग्रॅम. तापमानाची भरपाई यंत्र आपोआप करते. उंची आणि खारेपणा मात्र आपण हाताने भरायचा असतो. बांधणी मजबूत आहे, पडद्यावरचे आकडे उन्हातही दिसतात, ९ व्होल्टची साधी बॅटरी गावातल्या दुकानात मिळते. बाह्यांगाविषयी एवढे पुरे. या यंत्राचा खरा कस कॅलिब्रेशनच्या वेळी, म्हणजे माहीत असलेल्या मोजमापाशी यंत्र जुळवून घेताना, लागतो आणि पत्रकाने नेमका तोच विषय चार ओळींत उरकला आहे.

प्रोब पोलरोग्राफिक जातीचा आहे. या रचनेचे श्रेय लेलँड क्लार्क या अमेरिकी संशोधकाचे असून १९५६ मध्ये ती प्रसिद्ध झाल्यापासून तिचे मूळ तत्त्व बदललेले नाही. पातळ मेंब्रेनमधून ऑक्सिजन आत झिरपतो, कॅथोडवर तो खर्ची पडतो आणि त्यातून निर्माण होणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह यंत्र मोजते. येथे एक बाब नीट ध्यानात घ्यावी लागते: प्रोबला ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला ऑक्सिजनचा वाटा, कळतो, मिलिग्रॅम कळत नाहीत. मिलिग्रॅम हा यंत्राने तापमान, हवेचा दाब आणि खारेपणा यांवरून केलेला हिशेब असतो. या तिघांपैकी दोन गोष्टी आपण भरायच्या असल्यामुळे हिशेबाची निम्मीअधिक जबाबदारी वापरणाऱ्यावर येते. शिवाय पोलरोग्राफिक प्रोबला सुरू केल्यावर स्थिरावण्यासाठी दहा-पंधरा मिनिटे द्यावी लागतात. पत्रकात पाच मिनिटे लिहिली आहेत. माझ्या प्रोबचा आकडा पाच मिनिटांनंतरही खाली सरकत असतो, म्हणून मी गाडी नमुन्याच्या जागेपासून थोडी दूर असतानाच मीटर सुरू करून ठेवते.

पत्रकाप्रमाणे पद्धत अशी: प्रोबची वायर काढून ‘शून्य’ची कळ दाबावी, वायर पुन्हा जोडावी, प्रोब हवेत धरावा आणि आकडा स्थिर झाला की ‘कॅल’ची कळ दाबावी. पडद्यावर २०.९ येते आणि काम झाले असे मानले जाते. हा २०.९ म्हणजे हवेतील ऑक्सिजनचे शेकडा प्रमाण आहे. आमच्याकडे प्रशिक्षणासाठी आलेल्या एका मुलाने तोच आकडा मिलिग्रॅम समजून नोंदवहीत उतरवला होता, आणि त्याला दोष द्यावा असेही वाटत नाही, कारण पडद्यावर एकक इतक्या बारीक अक्षरांत येते की चष्मा लावूनही शोधावे लागते.

‘हवेत धरावा’ या दोन शब्दांत बरेच काही राहून गेले आहे. पाण्याशी तुलना करायची तर हवा बाष्पाने संपृक्त हवी, म्हणजे आणखी बाष्प मावणार नाही इतकी भरलेली. ३० अंश सेल्सिअसला संपृक्त हवेतील बाष्पाचा दाब सुमारे ३२ मिलिमीटर पारा असतो. म्हणजे एकूण दाबातील चारेक टक्के जागा बाष्प अडवते आणि ऑक्सिजनचा वाटा तेवढा कमी होतो. एप्रिलमधल्या पुण्याच्या कोरड्या दुपारी प्रोब उघड्यावर धरून कॅलिब्रेशन केले, तर यंत्र त्या कोरड्या हवेलाच शंभर टक्के मानते आणि मग पाण्यातले प्रत्येक वाचन तीनेक टक्क्यांनी कमी येते. पावसाळ्यात हा प्रश्न जवळजवळ नाहीसा होतो, त्यामुळे एकाच यंत्राची मे आणि जुलैमधली वागणूक वेगळी वाटते आणि दोष प्रोबच्या माथी मारला जातो.

माझा उपाय साधा आहे. रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या बाटलीत ओला करून पिळलेला स्पंजाचा तुकडा ठेवते, प्रोबचे टोक टिश्यू कागदाने हलके टिपून पाण्याला वा स्पंजाला न टेकता आत सोडते आणि बाटलीचे तोंड सैल झाकते. घट्ट झाकले तर आतला दाब बदलतो. मेंब्रेनवर पाण्याचा एक थेंब जरी राहिला तरी आकडा खाली ओढला जातो. बाटली सावलीत, पंख्याच्या झोतापासून दूर, पंधरा मिनिटे राहू द्यायची आणि तापमान व वाचन दोन्ही थांबल्याशिवाय कळीला हात लावायचा नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून केलेले कॅलिब्रेशन हे कॅलिब्रेशन नव्हे. मेंब्रेन आणि तापमापक यांचे तापमान एक नसेल, तर यंत्राची आपोआप होणारी भरपाई उलट चूकच वाढवते.

आता उंचीविषयी, कारण माझा पहिला महिना तिनेच वाया घालवला. यंत्र कारखान्यातून येते तेव्हा उंची शून्य मीटर असते, म्हणजे हवेचा दाब ७६० मिलिमीटर गृहीत धरलेला असतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि येथे प्रत्यक्ष दाब ७११ मिलिमीटरच्या आसपास असतो. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात समुद्रसपाटीला ८.२६ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. पुण्यात तोच आकडा सुमारे ७.७ होतो. मी उंचीला हात न लावता कॅलिब्रेशन करत होते आणि यंत्र दर वेळी आज्ञाधारकपणे सारे काही ठीक असल्याचे दाखवत होते. ते दाखवणारच, कारण समोरची हवा समुद्रकाठची आहे हे मीच त्याला सांगितले होते.

चूक उघडकीस आली ती विंकलरच्या टायट्रेशनमुळे, म्हणजे मोजून रसायन घालत ऑक्सिजन ठरवण्याच्या पद्धतीमुळे. बुडापेस्टच्या लायोश विंकलर यांनी १८८८ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही प्रयोगशाळेतली शेवटची तक्रार-निवारण समिती आहे. ऊर्ध्वपातित पाण्यात मत्स्यालयाच्या पंपाने अर्धा तास हवा सोडून, नंतर पाणी थोडा वेळ शांत ठेवून, मी ३०० मिलिलिटरच्या दोन बीओडी बाटल्या (पाण्यातले जिवाणू किती ऑक्सिजन खातात ते मोजण्याच्या चाचणीच्या बाटल्या) भरल्या. नळाचे पाणी येथे चालत नाही, कारण त्यातला क्लोरीन आयोडाइडमधून आयोडीन मुक्त करतो आणि उत्तर फुगते. मँगनीज सल्फेट, क्षारीय आयोडाइड-अझाइड, मग सल्फ्युरिक आम्ल, आणि ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने टायट्रेशन. सुमारे २०० मिलिलिटर नमुना घेतला की जितके मिलिलिटर थायोसल्फेट लागेल तितके मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन, इतका सोपा हिशेब. दोन्ही बाटल्यांनी ७.७ दिले. त्याच पाण्यात मीटर ८.२ म्हणत होता.

अर्ध्या मिलिग्रॅमचा हा फरक क्षुल्लक वाटेल, परंतु केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात नदीचे पाणी सार्वजनिक स्नानासाठी योग्य ठरण्यासाठी विरघळलेला ऑक्सिजन ५ मिलिग्रॅम किंवा अधिक असावा लागतो, आणि मासे व वन्यजीवांसाठी ४ किंवा अधिक. प्रत्यक्षात ४.७ असलेले पाणी उंची न भरलेला मीटर पाचाच्या किंचित वर दाखवतो. म्हणजे नापास झालेला नमुना कागदावर पास होतो, तोही कोणी लबाडी न करता.

ढोबळ हिशेब असा की दर १०० मीटर उंचीमागे संपृक्त पाण्यातला ऑक्सिजन सुमारे १.२ टक्क्याने घटतो. सुमारे १३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला वेण्णा तलावाचे पाणी २० अंशांचे असले तरी त्यात ७.७ च्या आसपासच ऑक्सिजन मावेल, जितका पुण्यात २५ अंशांना मावतो. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो हा शाळेतला नियम खरा, पण घाट चढताना त्याचा फायदा उंची गिळून टाकते. माझ्या मीटरच्या पेटीच्या झाकणावर आता एक पट्टी चिकटवलेली आहे: पुणे ५६०, उजनी ५००, पेण ०. खोपोलीला घाट उतरला की उंची बदलायची आणि पुन्हा कॅलिब्रेशन करायचे. हवामानामुळे दाबात रोज होणारा बदल मात्र या यंत्राने सोडून दिला आहे, आणि ते मला मान्य आहे. पावसाळी कमी दाबाच्या पट्ट्यात दाब दहा हेक्टोपास्कलने (सुमारे साडेसात मिलिमीटर पाऱ्याने) उतरला तरी फरक एका टक्क्याचा, आणि ०.१ पर्यंतच वाचणाऱ्या मीटरमध्ये तो जेमतेम दिसतो.

याच संदर्भात थोडे विषयांतर करते. तुलनेसाठी आम्ही आठवडाभर एक महागडा ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने ऑक्सिजन मोजणारा, मीटर भाड्याने आणला होता, त्यात उंचीऐवजी थेट दाब भरायचा होता. माझ्या सहकाऱ्याने फोनवरच्या हवामानाच्या ॲपमधून १०१० हेक्टोपास्कल हा आकडा उचलून भरला. हवामानाच्या बातम्यांमध्ये आणि बहुतेक ॲपमध्ये येणारा दाब समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो, म्हणजे त्यातून उंची आधीच काढून टाकलेली असते. पुण्यात त्या दिवशीचा खरा दाब ९४५ ते ९५० हेक्टोपास्कलच्या दरम्यान असणार. लाखाच्या घरातल्या यंत्राने अठरा हजारांच्या यंत्राची जुनी चूक तंतोतंत गिरवली.

खारेपणाच्या बाबतीत पत्रकाने केवळ गाळले नाही, तर चुकीचे छापले आहे. तेथे एकक ‘टक्के’ असे दिले आहे, आणि समुद्राचे पाणी साडेतीन टक्के खारे असते म्हणून मी आधी तसाच आकडा भरत होते. संशय आल्यावर एक चाचणी केली: २५ अंशांना, पुण्याची उंची भरून, संपृक्त हवेत मीटर ७.७ दाखवत असताना खारेपणा ३५ केला, तर वाचन ६.३ वर आले. समुद्राच्या पाण्यात ऑक्सिजनची विद्राव्यता, म्हणजे विरघळून मावण्याचे प्रमाण, गोड्या पाण्यापेक्षा १८ टक्क्यांनी कमी असते, तेव्हा हा आकडा नेमका हजारी ३५ भागांचा आहे. म्हणजे यंत्रातील सूत्र बरोबर आहे, छपाई चुकलेली आहे.

पेणजवळच्या एका कोळंबी-उत्पादकाकडे याच जातीचा मीटर आहे. “ताई, रात्री मशीन चार दाखवत होतं, मग पहाटे कोळंबी वर का आली?” असा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या तळ्याचा खारेपणा हजारी १५ होता आणि मीटरमध्ये शून्य भरलेले होते. एवढ्या खारेपणाला विद्राव्यता सुमारे आठ टक्क्यांनी उतरते, त्यामुळे मीटरवरचे ४.० म्हणजे प्रत्यक्षात ३.७ होते. सगळा दोष मीटरचा नव्हता हेही सांगितले पाहिजे: त्यांनी वाचन रात्री दहाला घेतले होते, आणि तळ्यातला ऑक्सिजन सर्वांत खाली जातो तो उजाडण्यापूर्वी, जेव्हा रात्रभर प्रकाशसंश्लेषण बंद असते आणि शेवाळापासून कोळंबीपर्यंत सारेच श्वास घेत असतात. आता ते खारेपणा भरतात आणि चारच्या सुमारास उठून दुसरे वाचन घेतात. दोन बदलांपैकी कशाने जास्त फरक पडला, हे विचाराल तर पहाटे उठण्याने.

‘शून्य’च्या कळीविषयी माझी तक्रार अधिक गंभीर आहे. वायर काढून शून्य करणे म्हणजे केवळ विद्युत-मंडलाचे शून्य तपासणे. प्रोबचे शून्य त्यातून कळत नाही. त्यासाठी अर्धा लिटर पाण्यात १० ग्रॅम सोडियम सल्फाइट आणि वेग यावा म्हणून कोबाल्ट क्लोराइडचे एक-दोन कण घालून ताजे द्रावण करावे लागते. एक मिलिग्रॅम ऑक्सिजन संपवायला सुमारे ८ मिलिग्रॅम सल्फाइट पुरते, तेव्हा हे प्रमाण गरजेच्या कित्येक पट आहे, आणि तसेच ते हवे, कारण उघड्या भांड्यात हवेतून ऑक्सिजन आत येतच राहतो. चांगल्या प्रोबचे वाचन काही मिनिटांत ०.१ किंवा त्याखाली उतरते. ते ०.४ वर अडून बसले, तर मेंब्रेनला सूक्ष्म छिद्र आहे किंवा टोपणात हवेचा बुडबुडा अडकला आहे असे समजावे. कळा दाबून तो आकडा शून्यावर आणण्याची सोय या यंत्रात नाही, हे एका अर्थाने बरेच झाले. ही तपासणी मी महिन्यातून एकदा आणि प्रत्येक नव्या मेंब्रेननंतर करते. नंतर प्रोब भरपूर पाण्याने धुवावा लागतो. मेंब्रेनवर राहिलेले सल्फाइट पुढच्या नमुन्यातला ऑक्सिजन खात राहते. कोबाल्टचे द्रावण मोरीत ओतायचे नाही, हे वेगळे सांगायला नको.

पोलरोग्राफिक प्रोब स्वतः ऑक्सिजन खर्च करत असल्यामुळे त्याच्या तोंडाशी पाणी वाहते हवे. स्थिर पाण्यात आकडा डोळ्यांदेखत घसरतो. नदीत प्रवाह असतो. तळ्यात मी प्रोब संथ पण अखंड हलवत ठेवते, सेकंदाला वीत-दीड वीत या गतीने. अरुंद बाटलीत हे जमत नाही, म्हणून बीओडीसाठी हा मीटर मी वापरत नाही. आपल्याकडची बीओडी चाचणी २७ अंशांना तीन दिवसांची असते आणि तिचे उत्तर दोन वाचनांच्या वजाबाकीतून निघते. प्रत्येक वाचनात ०.४ ची अनिश्चितता धरली, तर स्वच्छ नमुन्यांच्या वजाबाकीत उरते काय? तेथे विंकलरच बरा.

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात मीटरची परीक्षा वेगळी असते. वायुवीजन टाकीत २ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन आहे की नाही एवढेच पाहायचे असते आणि त्या कामाला ही अचूकता पुरेशी आहे. परंतु मेंब्रेनवर चिकट थर बसतो, आणि टाकीच्या आधीच्या भागातला हायड्रोजन सल्फाइड मेंब्रेनमधून आत शिरून चांदीचा अॅनोड काळा करतो. अशा एका फेरीनंतर माझ्या प्रोबचे वाचन हवेत स्थिरच होईना. टोपण उघडून अॅनोड अमोनियाच्या सौम्य द्रावणात रात्रभर ठेवला, धुतला, नवे इलेक्ट्रोलाइट आणि नवे मेंब्रेन घातले, तेव्हा तो पूर्वपदावर आला. टोपण काठोकाठ भरून सावकाश आटे फिरवत बसवावे, म्हणजे बुडबुडा राहत नाही. घाई केली की राहतोच.

मीटरमधला तापमापक काचेच्या प्रमाणित तापमापकाशी ताडून पाहिला तर ०.६ अंश जास्त दाखवतो. एका अंशाच्या चुकीने विद्राव्यतेच्या हिशेबात दोनेक टक्क्यांचा फरक पडतो, तेव्हा हे चालण्याजोगे आहे, पण दुरुस्त करण्याची सोय हवी होती.

विक्रेत्याने वेगळे पैसे घेऊन ‘कॅलिब्रेशन प्रमाणपत्र’ दिले. त्यावर २५ अंशांचा एकच बिंदू, एक सही आणि वर्षभराची मुदत आहे. कोणत्या दाबाला मोजले याचा उल्लेख नाही. लेखापरीक्षणाच्या फायलीत लावायला तो कागद उपयोगी पडला, त्यापलीकडे नाही. ज्या प्रोबचे मेंब्रेन टिश्यूने जरा जोरात पुसले तरी उत्तर बदलते, त्याच्या कॅलिब्रेशनला एक वर्षाची मुदत देणे म्हणजे दुधाला वर्षाची मुदत देण्यासारखे आहे. मी रोज सकाळी एकदा, जागेची उंची बदलली की पुन्हा, आणि दिवसाअखेर संपृक्त हवेत केवळ तपासणी म्हणून एकदा वाचन घेते. दिवसभरातली घसरण सहसा ०.१ ते ०.२ असते. ती ०.३ च्या वर गेली, तर त्या दिवशीच्या संशयास्पद नमुन्यांचे विंकलर होते.

गुण द्यायचे तर यंत्राला पाचपैकी साडेतीन, माहितीपत्रकाला एक. मत्स्यतळी, कोळंबी आणि सांडपाणी केंद्रांची दैनंदिन देखरेख यांसाठी मी हा मीटर निःशंकपणे सुचवेन. नदीच्या नमुन्यांसाठी, विशेषतः वाचन ४ किंवा ५ च्या सीमेवर येत असेल तेव्हा, सोबत विंकलरच्या बाटल्या न्याव्यात. अधिक पैसे असतील तर दाबमापक अंगभूत असलेला ऑप्टिकल मीटर घ्यावा. त्याला ढवळावे लागत नाही, इलेक्ट्रोलाइट लागत नाही, आणि त्याचे संवेदक टोपण ठरावीक मुदतीने बदलले की झाले. घेताना विक्रेत्याला मेंब्रेनच्या टोपणांची किंमत आणि पोहोचण्याचा अवधी मात्र आधी विचारा. माझी दोन जादा टोपणे पहिल्या आठ महिन्यांत संपली, तिसरे मागवले ते तीन आठवड्यांनी आले, आणि त्या तीन आठवड्यांत उजनीच्या काठावर मी रोज रसायनांच्या बाटल्यांची पेटी उचलून नेत होते.